डाव्या पट्टीचा बाक

मित्रांनो, माझे वजन नऊशे पौंड आहे आणि मला चाके नाहीत. मी अमेरिकन फुटबॉलच्या सरावाचा ढकलगाडा आहे. खाली लोखंडाच्या दोन घसरपट्ट्या, त्यांवर चार खांब, प्रत्येक खांबाला एक जाड गादी आणि मागे प्रशिक्षकाला उभे राहायला लोखंडी पाट. पोरांनी गादीला खांदा भिडवून मला रेटायचे आणि मी गवतावरून घसरत जायचे, एवढेच माझे काम. ते मी तीस वर्षांवर केले. लोकांनी माझे कौतुकही केले. पण माझ्यामुळे एका मुलाचे नाव खराब झाले. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी स्तुती आली की तुम्ही ती बेताने ऐकाल.

माझा जन्म १९६८ सालच्या मार्च महिन्यात, नेब्रास्कातील एका शाळेच्या लोहारकामाच्या खोलीत झाला. एमिल वोंद्रा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. सकाळी ते पोरांना लोहारकाम शिकवत आणि शाळा सुटल्यावर फुटबॉल. सगळे त्यांना कोच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. शाळेला विकतचा ढकलगाडा परवडत नव्हता. कोचनी एका मोडीत निघालेल्या धान्याच्या कोठाराच्या तुळया आणल्या आणि त्यांचा मेहुणा ड्वेन याने त्या सांधल्या. ड्वेन गावात वेल्डिंगचे दुकान चालवत असे.

"चार गाद्याच का?" ड्वेनने विचारले. "इतरांच्या गाड्याला पाच असतात, सात असतात."

"माझी फळी चौघांची आहे," कोच म्हणाले.

"आणि तू स्वतः वर उभा राहणार? तू काय कमी वजनाचा आहेस का एमिल? गाडा पोरांनी ढकलायचा आहे, बैलांनी नाही."

"पोरांचे बैलच करायचे आहेत."

बचावाच्या पुढच्या फळीत चौघे असतात. ते एक हात जमिनीला टेकवून ओणवे बसतात आणि शिट्टी झाली की समोरच्या संघाची भिंत फोडून चेंडूवाल्यापर्यंत पोचायला धडपडतात. त्यांचे नाव वर्तमानपत्रात क्वचित येते. कोचनी जन्मभर या चौघांनाच शिकवले. मुख्य प्रशिक्षक येत आणि जात, कोच मात्र कुठेही गेले तरी पुढच्या फळीचेच राहिले.

त्यांची एक पद्धत होती. ते माझ्या पाटावर उभे राहत, शिट्टी फुंकत आणि चौघे एकदम गाद्यांवर आदळत. वीस यार्ड गेल्यावर ते खाली उतरत आणि माझ्या मागे गवतात उमटलेल्या दोन रेघांवरून परत चालत जात. रेघा सरळ असल्या तर चौघांचा जोर सारखा. रेघा डावीकडे वळल्या तर डावीकडचा चुकारपणा करतो आहे, उजवीकडे वळल्या तर उजवीकडचा. "जमीन खोटं बोलत नाही," असे ते म्हणत. पोरे त्यांच्या पाठीमागे छाती फुगवून तीच नक्कल करत. दुसरा नियम असा, की ज्याची गादी त्याची. गादीवर पांढऱ्या पट्टीने आडनाव चिकटवलेले असे आणि मोसम संपेपर्यंत कोणी जागा बदलायची नाही. "आपापल्या गादीला जाब द्यायचा," कोच सांगत.

चार वर्षांनी त्यांना एका कॉलेजात नोकरी मिळाली आणि ते मला बरोबर घेऊन गेले. पुढे हेच होत राहिले. कॉलेज फुटबॉलमध्ये संघ हरला की मुख्य प्रशिक्षकाला काढतात आणि त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालचे सगळेच जातात. दक्षिण डाकोटात चार वर्षे, कॅन्ससमध्ये पाच, आयोवात दोन. प्रत्येक वेळी कोचची बायको आर्लीस दारात खोकी रचून उभी राहत असे आणि म्हणत असे, "आधी तुझा गाडा बांधून घे बाबा. भांड्यांना जागा उरली तर बघू." प्रत्येक वेळी मी ट्रेलरवर पुढे आणि संसार मागे. मला त्याचा अभिमान वाटे. आता वाटत नाही.

१९८३ सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही नेब्रास्कात परत आलो. ते नदीकाठचे एक लहान कॉलेज होते. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण चूक कॉलेजची नव्हती. पहिला सराव दुपारी चारला होता आणि आम्ही साडेतीनला पोचलो. कोच घाईत होते. ट्रेलरच्या मागे लावायच्या फळ्या खोक्यांखाली अडकल्या होत्या. त्या काढायला दहा मिनिटे लागली असती. कोचनी चार पोरांना हाक मारली आणि मला तसेच ओढायला सांगितले. मी घसरलो आणि माझी डावी पट्टी सिमेंटच्या गटाराच्या कडेवर पडली. आवाज मोठा झाला.

"कोच, काही मोडलं का बघायचं का?" एकाने विचारले.

"लोखंड आहे ते," कोच म्हणाले. "तुम्ही मोडाल, ते नाही मोडणार. चला, आत घ्या."

ज्या मुलाचे नाव माझ्यामुळे खराब झाले, तो हार्लन फ्रीसेन. वय वीस, कॉलेजचे दुसरे वर्ष. त्याचे घर तिथून सत्तर मैलांवर, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत होते. त्या लोकांत भांडणे हे पाप समजतात आणि स्वतःची बाजू मांडणे हेही त्याच्या शेजारचेच. पण आळस हे त्याहून मोठे पाप. हार्लनच्या मानेची रुंदी आणि डोक्याची रुंदी एकच होती. तो फार कमी बोलत असे. त्याला कोचनी सगळ्यांत डावीकडची गादी दिली आणि पट्टीवर त्याचे आडनाव स्वतः लिहिले.

पहिल्याच दिवशी माझ्या रेघा डावीकडे वळल्या.

माझी डावी पट्टी पुढच्या टोकाला खाली वाकली होती आणि जमिनीत रुतत होती. गवत दाट होते, पट्टी मातीने माखलेली होती, त्यामुळे वरून काही दिसत नव्हते. मला दिसत होते. म्हणजे जाणवत होते. डावीकडची गादी प्रत्येक वेळी सर्वांत खोल दबत होती. तिच्यामागची स्प्रिंग शेवटच्या वळशापर्यंत आवळली जायची. चौघांत सर्वांत जास्त जोर हार्लन लावत होता आणि तो सगळा जोर माझा बाक खाऊन टाकत होता.

कोच रेघांवरून चालत गेले, परत आले आणि हार्लनसमोर उभे राहिले.

"फ्रीसेन, गाडा कुठे गेला?"

"डावीकडे, कोच."

"डावीकडे कोण आहे?"

"मी, कोच."

"मग?"

हार्लन जमिनीकडे बघत म्हणाला, "आणखी जोर लावतो, कोच."

त्याने लावला. दुसऱ्या दिवशीही रेघा वळल्या, तिसऱ्या दिवशीही. दुसऱ्या आठवड्यात कोचनी त्याला सराव संपल्यावर एकट्याला थांबवले आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला ढकलायला लावले. एकट्याने मला हलवणे सोपे नाही. तो हलवत होता. मी गोल फिरत डावीकडेच जात होतो. कोच पाटावर उभे होते आणि ओरडत होते, "घरी गाईंचं दूध काढताना पण असाच अर्धा हात लावतोस का रे? गाय काय म्हणते?"

बाकीची तीन पोरे बाजूला पाणी पीत उभी होती. ती हसली. त्यांतल्या एकाने हार्लनला नाव ठेवले, पाहुणा. "आला बघा पाहुणा. बसायला खुर्ची द्या. हात लावायला सांगू नका, दमेल." सप्टेंबरअखेर सगळा संघ त्याला पाहुणा म्हणू लागला.

मुख्य प्रशिक्षक एकदा माझ्यापाशी येऊन म्हणाले, "एमिल, सामन्यांच्या चित्रफिती बघितल्या मी. तो फ्रीसेन वाईट नाही रे. दोनदा भिंत फोडून गेला शनिवारी."

"सामन्यात लोक बघत असतात," कोच म्हणाले. "लोक बघत असले की सगळेच काम करतात. मला सरावाची जमीन सांगते तेच खरं."

"तुझी फळी, तू बघ."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हार्लनला खेळवणे बंद झाले. त्याच्या आडनावाची पट्टी कोचनी नखाने खरवडून काढली. त्यांचे नख माझ्या गादीवर घासल्याचा स्पर्श मला आजही नको वाटतो. मोसम संपेपर्यंत सरावात मात्र तो त्याच बिननावाच्या गादीवर ढकलत राहिला. डिसेंबरमध्ये त्याला कळवण्यात आले की पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळणार नाही. शिष्यवृत्तीवाचून कॉलेजात राहणे त्याच्या घरच्यांना जमणारे नव्हते.

त्याचे वडील त्याला न्यायला आले. कॉर्नेलियस फ्रीसेन हे पंचावन्न वर्षांचे, उंच आणि वाकलेले गृहस्थ होते. त्या दिवशी बर्फ पडून गेले होते. कोच माझ्यावर ताडपत्री बांधत होते. म्हातारा मैदान ओलांडून आला आणि चार पावलांवर थांबला.

"तुम्ही कोच वोंद्रा ना? मी हार्लनचा बाप. मुलगा काही सांगत नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो. त्याने तुमचा काही अपमान केला का?"

"नाही. मुलगा सभ्य आहे."

"मग?"

"कामात कसूर करतो," कोच म्हणाले. "बाकीचे ढकलतात, हा नुसता टेकतो. मी चार महिने बघितलं."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. थंडी फार होती, तरी काढली. "आम्ही त्याला असं वाढवलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमचा वेळ गेला. मी माफी मागतो."

"तुम्ही कशाला माफी मागता?"

"मुलगा माझा आहे."

एवढे बोलून तो टोपी हातातच धरून गेला. कोचनी ताडपत्रीची गाठ मारली. मी त्या ताडपत्रीखाली सबंध हिवाळा काढला. वाकडी पट्टी माझी होती आणि माफी त्या माणसाने मागितली, हे मला त्या चार महिन्यांत पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

एप्रिलमध्ये पुन्हा सराव सुरू झाला. डावीकडच्या गादीवर आता रँडी टेस्के नावाचा मुलगा आला. कोचचा लाडका, तोंडाळ आणि खरोखर ताकदवान. तीन दिवस माझ्या रेघा डावीकडे वळल्या. चौथ्या दिवशी कोच त्याच्यावर ओरडले तेव्हा रँडी मुळीच खाली बघत राहिला नाही.

"कोच, मी आईची शपथ घेऊन सांगतो, मी मरेस्तोवर ढकलतोय. माझा खांदा बघा, जांभळा झालाय. मला उजवीकडे टाका आणि उजवीकडच्याला इकडे आणा. मग बघू कोण टेकतो ते!"

"गादी बदलायची नाही."

"का नाही? जमीन घाबरते का?"

पोरे हसली. कोच हसले नाहीत. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सराव संपल्याचे सांगितले. अजून अर्धा तास बाकी होता. पोरे खूश होऊन पळाली. मैदान रिकामे झाल्यावर कोचनी गाडीतून जॅक आणला, मला डाव्या अंगाने उचलले आणि गुडघ्यांवर बसून पट्टीखाली हात घातला. माती खरवडली. मग त्यांचा हात पुढच्या टोकाला पोचला आणि तिथेच थांबला.

 मी वाट बघत होतो की ते आता उठतील, कार्यालयात जातील, फोन करतील. हार्लन सत्तर मैलांवर होता आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश अजून उघडे होते. ते उठले, पण जॅक उतरवायला. गाडीला बांधून मला गवताच्या कडेला, भिंतीच्या आड ओढून ठेवले. तीन दिवसांनी, रविवारी, ड्वेन त्याची सगळी हत्यारे घेऊन आला.

"दोन बोटं बाक आहे की रे," ड्वेन पट्टी तापवता तापवता म्हणाला. "किती दिवस असा ओढत होतास?"

"माहीत नाही."

"पोरांनी काही म्हटलं नाही?"

"नाही."

"मग भलतीच सोशिक पोरं आहेत तुझी. मी असतो तर पहिल्याच दिवशी तुझ्या नावानं बोंब मारली असती."

 पट्टी सरळ झाली, सांध्यावर वेल्डिंगचा एक डाग राहिला. कोचनी मला नखशिखांत हिरवा रंग दिला. रंगाची माझी पाळी दोन वर्षांनी होती. पण त्या डागावर एकट्यावर रंग दिला असता तर तो उठून दिसला असता.

मित्रांनो, चूक इथवरची असती तर मी ती सांगून मोकळा झालो असतो. पुढचे अधिक वाईट आहे.

मे महिन्यात मर्ल स्टाउट नावाचे एक प्रशिक्षक आले. शेजारच्या राज्यातल्या कॉलेजचे, कोचचे जुने मित्र. ते माझ्या गादीवर कोपर टेकून उभे राहिले.

"एमिल, तुझ्याकडचा तो फ्रीसेन. आमच्याकडे यायचं म्हणतोय. पत्र लिहिलंय, दीड ओळीचं! लिहितो, मला एक संधी द्या, मी आळस सोडीन. आळस सोडीन म्हणून संधी मागणारा पहिलाच बघितला मी. कसा आहे रे?"

कोचचा हात माझ्या डाव्या खांबावर होता. 

"अंगानं चांगला आहे," ते म्हणाले.

"ते मला वजनावरून कळलं. काम?"

"तुला माझी पद्धत माहीत आहे. मी जमीन बघतो."

"आणि जमीन काय म्हणाली?"

"डावीकडे वळली. चार महिने."

"बस, बस. कळलं," मर्ल म्हणाले. "वाचवलंस मला. चल, काहीतरी खाऊ. त्या बेकरीत ते जॅम भरलेले कोलाचे पाव मिळतात का अजून?"

कोचच्या त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मला आजवर कोणी इतके खरे बोलून इतके खोटे सांगितलेले आठवत नाही. मी तिथेच होतो, माझी पट्टी ताज्या रंगाने चमकत होती. ते दोघे जेवायला गेले. हार्लनला मर्लच्या कॉलेजकडून नकार गेला आणि मग त्याने कुठेच अर्ज केला नाही, हे मला फार उशिरा कळले.

त्या दिवसानंतर कोच माझ्या रेघा बघायला कधी गेले नाहीत. पाटावरून उतरत आणि सरळ पुढे चालू लागत. गाद्यांवरची आडनावेही त्यांनी काढून टाकली. रोज चौघांना वेगवेगळ्या गादीवर उभे करू लागले आणि दर सोमवारी सरावाआधी मला जॅकवर घेऊन पट्ट्यांना दोरी लावून बघू लागले. कारण विचारले तर म्हणत, "सगळ्यांना सगळ्या जागा आल्या पाहिजेत."

आणि झाले असे, की याचा उपयोग झाला. कोचच्या फळीतला एखादा जखमी झाला तरी दुसरा त्याच्या जागी बेधडक खेळे. तीन वर्षांत ती फळी त्या विभागातली सर्वांत चांगली ठरली. एका मोठ्या कॉलेजाने कोचना बोलावले. प्रशिक्षकांच्या उन्हाळी शिबिरांत त्यांना भाषणाला बोलावू लागले आणि या पद्धतीला लोक 'वोंद्रा फेरा' म्हणू लागले. शिबिराला कोच मलाही नेत. दोनदोनशे प्रशिक्षक माझ्याभोवती उभे राहून वह्यांत लिहून घेत. एकाने विचारले, "कोच, हे सुचलं कसं?"

"हळूहळू," कोच म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. ज्यांच्यावर प्रकाश पडतो त्यांना तो आवडतो असे म्हणतात. मला त्या छायाचित्रात फक्त डावी पट्टी दिसत होती.

नंतर माझे दिवसही फिरले. मोठ्या कॉलेजाने नवे ढकलगाडे घेतले. त्यांच्यात जोर मोजणारी यंत्रे होती आणि आकडे पडद्यावर दिसत. २००० सालापासून मी शेडमागे पडून राहिलो. गाद्या उंदरांनी पोखरल्या, एका खांबात गांधीलमाश्यांनी घर केले. मी तक्रार करत नाही. आपली जागा हीच, असे मला वाटे.

२००५ च्या मे महिन्यात कोच निवृत्त झाले. कॉलेजाने ठरवले की मला रंगवून मैदानाच्या दारात उभे करायचे आणि खाली वोंद्रा फेऱ्याबद्दल चार ओळींची पितळी पाटी लावायची. कोच आणि आर्लीस मला बघायला शेडमागे आले. आर्लीसच्या हातात पाटीच्या मजकुराचा कागद होता.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त 'दूरदृष्टी' दोनदा आलंय. एक काढायला सांग."

"दोन्ही काढायला हवेत," कोच म्हणाले.

"आता नम्रपणा पुरे. त्रेसष्ट वर्षांचा झालास."

तेव्हा त्यांनी तिला सांगितले. माझ्या डाव्या पट्टीवर हात ठेवून, ऑगस्टपासून मेपर्यंत, सगळे. आर्लीसने मध्ये एकदाही थांबवले नाही. त्यांचे झाल्यावर तिने कागदाची घडी घातली.

"बावीस वर्षं तू हे घेऊन माझ्याशेजारी जेवलास?"

"हो."

"ज्या मुलाबद्दल मी जेवण वाढताना तू सांगायचास, हा बैल नाही, वासरू आहे, तोच ना?"

"तोच."

"मी हसले होते तेव्हा," आर्लीस म्हणाली. "म्हणजे तू मलाही त्यात ओढलंस. पत्ता आहे त्याचा?"

"अजून तिथेच शेती करतो."

"मग पाटीचं नंतर बघू."

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी कोचनी मला ट्रेलरवर चढवले. या वेळी फळ्या लावून, सावकाश. दोनशे मैलांचा प्रवास झाला. फ्रीसेनांच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मक्याला पाणी चालू होते. शेडमधून हात पुसत एक माणूस आला. कानशिलावर केस पांढरे झाले होते, मान मात्र तीच.

"कोच," तो म्हणाला. बावीस वर्षांनीही पहिला शब्द तोच आला.

त्याची बायको जोलीन दारात आली. "आत या ना. चहा टाकते, थंड हवा तर थंड देते."

"आधी बोलतो," कोच म्हणाले. "मग ठरवा, आत घ्यायचं की नाही."

त्यांनी प्रस्तावना केली नाही. डाव्या पट्टीवरचा डाग दाखवला. "हार्लन, हा गाडा त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये मी घाईनं उतरवला आणि पट्टी वाकली. गाडा वाकडा होता, तू नाही. मला एप्रिलमध्ये कळलं. मे महिन्यात मर्ल स्टाउट तुझी चौकशी करायला आला तेव्हा मला माहीत होतं. तरी मी बोललो नाही."

हार्लन उकिडवा बसला. अंगठ्याने त्याने तो सांधा चाचपला, शेतकरी नांगराचा फाळ चाचपतो तसा. मग तसाच बसून त्याने विचारले, "म्हणजे मी ढकलत होतो?"

"सगळ्यांपेक्षा जास्त."

"मला वाटायचं, मी पूर्ण जोर लावतोय," हार्लन हळू आवाजात म्हणाला. "पण तुम्ही म्हणायचात जमीन खोटं बोलत नाही. मग मी धरून चाललो, की मी कुठेतरी राखून ठेवतोय आणि माझं मलाच कळत नाहीये. माणूस स्वतःला फसवतो, असं आमच्या चर्चमध्येही सांगतात. तेव्हापासून मी स्वतःवर नजर ठेवून आहे."

मित्रांनो, मला वाटले होते की तो मनातून आम्हाला शिव्या देत असेल. कोचनाही तसेच वाटले असावे. तो आमच्यावर विश्वास ठेवून बसला असेल, हे आमच्या दोघांच्या ध्यानात आले नव्हते.

जोलीन पायऱ्या उतरून खाली आली होती. "म्हणून होय?" ती म्हणाली. ती कोचकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. "रविवार सोडला तर या माणसाला मी दिवसाढवळ्या बसलेलं बघितलेलं नाही. पाठीचं ऑपरेशन झालं, तरी दहाव्या दिवशी कुंपणाला खिळे ठोकत होता. रात्री जेवताना विचारतो, आज पुरेसं केलं का गं मी? मला वाटायचं, कौतुक ऐकायची हौस आहे. मी थट्टा करायचे त्याची."

"मला माफ कर," कोच म्हणाले.

हार्लन उठला. "माझं नंतर बघू, कोच. आत पप्पा बसलेत. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्या दिवशी घरी जाताना सत्तर मैल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना सांगा."

"तू येतोस ना बरोबर?"

"नाही. तुम्ही सांगा."

कोच आत गेले. खिडकी उघडी होती. आधी त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. मग म्हाताऱ्याचा आला, "काय? मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही!"

"मी एमिल वोंद्रा!"

"कोण?"

"हार्लनचा कोच!"

 मग, "हां. मग?"

"तुमच्या मुलानं कामात कसूर केली नव्हती!"

"काय नव्हती?"

"कसूर! केली नव्हती! तो सगळ्यांत जास्त काम करत होता! चूक माझी होती!"

पाणी बघणारा शेजारचा शेतकरी कुंपणापाशी थांबून घराकडे बघू लागला. कोचना ते वाक्य तीन वेळा म्हणावे लागले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला.

मग म्हातारा म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी माफी मागितली ती फुकट?"

"हो! ती मी मागायला हवी होती!"

"मग मागा आता. अशी दारात उभं राहून नको. ती खुर्ची ओढा. आणि पहिल्यापासून सांगा. मला सगळं ऐकायचंय. सावकाश, पण मोठ्यानं."

पहिल्यापासून सांगायला चाळीस मिनिटे लागली. त्यातला शब्द न् शब्द अंगणभर ऐकू आला. गटाराची कडा, रेघा, पाहुणा हे नाव, गाईचे दूध, हिरवा रंग, मर्ल स्टाउट. कोचनी काही गाळले नाही. म्हाताऱ्याने दोनदा थांबवून पुन्हा सांगायला लावले, आणि मर्लचा भाग तीनदा.

तोवर हार्लन येऊन ट्रेलरच्या कडेवर बसला. त्याने माझ्या डाव्या खांबाला पाठ टेकवली आणि पाय लांब केले. जोलीन त्याला चहाचा पेला देऊन त्याच्या शेजारी बसली. शेडमध्ये यंत्र अर्धवट उघडे पडले होते. मंगळवारची दुपार होती, तीन वाजत आले होते, आणि तो काही करत नव्हता.

त्या पितळी पाटीवर नंतर काही लिहिले गेले नाही. कोचनीच नको म्हटले. हार्लननेही मला ठेवून घेतले नाही. "लोखंड परत घेऊन जा, कोच," तो म्हणाला. "तुम्ही या कधीतरी." कोच वर्षातून दोनदा जातात. म्हाताऱ्याशी मोठ्याने गप्पा मारतात. हार्लनने माफ केले का, हे मला माहीत नाही. त्याने तसे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, आणि जे ऐकले नाही ते मी सांगणार नाही.

मी आता कोचच्या परसात उभा आहे. मला रंग नको, फुलांच्या कुंड्या नकोत. एवढेच मागणे आहे, की तुमच्या हाताखाली एखादा काटा, फूटपट्टी किंवा माझ्यासारखा गाडा असेल आणि त्यावरून तुम्ही माणसाची परीक्षा करणार असाल, तर आधी तो उलटा करून नीट बघा. घाईत पडला तर त्याच दिवशी बघा. आणि एखादा मुलगा उलटून बोलत नाही एवढ्यावरून तो दोषी आहे असे धरू नका. त्या मैदानावर आम्ही दोघे गप्प होतो, तो आणि मी. वाकडा मी होतो.